सी भाषेचे मानक : परवडणाऱ्या संदर्भांचा शोध

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कसा वागायला हवा, याचा शेवटचा निवाडा आयएसओ/आयईसी ९८९९ या आंतरराष्ट्रीय मानकात असतो. कंपायलर या मानकाला धरून बनवलेला असतो, पाठ्यपुस्तक त्याच्या आधाराने लिहिलेले असते, आणि चूक दोन्हींत असू शकते. भाषेचे व्याकरण, प्रत्येक ऑपरेटरचा अर्थ, इंट प्रकारात किमान किती मोठी संख्या मावली पाहिजे, लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन काय परत देईल आणि कोणत्या ठिकाणी भाषा कसलीच हमी देत नाही, हे सारे तिथे कलमवार मांडलेले आहे. वाद मिटवायचा तर हाच कागद उघडावा लागतो.

अडचण किमतीची आहे. जिनिव्हाच्या आयएसओकडून हे मानक विकत घ्यायचे तर दोनशे स्विस फ्रँकच्या घरात पैसे मोजावे लागतात, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास. म्हैसूरसारख्या शहरात हा प्रश्न रोजचा आहे. १९४६ मध्ये सुरू झालेले नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग आणि १९६३ चे श्री जयचामराजेंद्र कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग इथे आहेत. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्रही इथेच, हेब्बाळच्या औद्योगिक भागात आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूरकडची मुले नोकरीला लागली की पहिले काही महिने इथे काढतात. त्यातल्या बहुतेकांनी पहिल्याच वर्षी सी शिकलेली असते, पण मानकाचे एक पानही पाहिलेले नसते. वीस हजारांचा दस्तऐवज विद्यार्थ्याने घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करणारही नाही. सुदैवाने तशी गरजही नाही. तोच मजकूर, किंवा त्याच्या अगदी जवळचा, जवळपास फुकट मिळतो. फक्त कोणता कागद कोणत्या वर्षाच्या मानकाशी जुळतो, हे ठाऊक असावे लागते.

म्हणून आधी वर्षांचा हिशेब. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली आणि १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाचे परिशिष्ट हेच बरीच वर्षे भाषेचे अघोषित मानक होते. वेगवेगळ्या कंपन्यांचे कंपायलर वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या एएनएसआय या संस्थेने १९८३ मध्ये एक्स३जे११ नावाची समिती नेमली. तिचे काम १९८९ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाले आणि १९९० मध्ये आयएसओने ते स्वीकारले. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ अशा आवृत्त्या आल्या. बोलताना त्यांना सी८९ किंवा सी९०, सी९९, सी११, सी१७ आणि सी२३ म्हणतात. शेवटच्या दोन नावांतली वर्षे काम पूर्ण झाल्याची आहेत, प्रकाशनाची नव्हेत. जुनी पुस्तके वाचताना आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवावा. एएनएसआयच्या प्रतीतला तिसरा भाग आयएसओच्या प्रतीत सहावा झाला, चौथा सातवा झाला. मजकूर तोच, आकडे बदलले. त्यामुळे १९९० च्या सुमाराच्या पुस्तकात ‘कलम ३.३’ असा उल्लेख दिसला, तर आयएसओच्या १९९० च्या प्रतीत ते ६.३ च्या जागी शोधावे लागते, आणि १९९९ नंतर तेही पुन्हा हलले आहे.

सगळ्यांत स्वस्त वाट मसुद्यांची. सीच्या मानकाचे काम आयएसओचा डब्ल्यूजी १४ हा गट करतो आणि आपले कामकाजाचे कागद तो स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवतो. प्रत्येक कागदाला ‘एन’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. सी९९ साठी एन १२५६ हा कागद घ्यावा. तो नुसता मसुदा नाही: १९९९ चे मानक आणि त्यानंतर निघालेली तिन्ही शुद्धिपत्रके त्यात एकत्र केलेली आहेत. त्यामुळे वाचकाला तो मूळ विकतच्या प्रतीपेक्षाही सोयीचा पडतो. सी११ साठी एप्रिल २०११ चा एन १५७०. तो सुमारे सातशे पानांचा आहे आणि मंजूर मानकाच्या इतका जवळ आहे की फरक शोधून काढावे लागतात. त्यातला एक फरक मजेशीर आहे. कंपायलर कोणत्या मानकाचा आहे हे सांगणारा आवृत्ती-आकडा एन १५७० मध्ये भरलेलाच नाही, तिथे वर्ष-महिन्याची तात्पुरती खूण आहे. ती खूण मंजूर मानकातही तशीच छापली गेली आणि २०१२ च्या शुद्धिपत्रकाने तिथे २०१११२ हा आकडा बसवला. सी२३ साठी एन ३०९६ किंवा एन ३२२० चालतो. दुसरा पुढच्या आवृत्तीचा पहिला मसुदा असला तरी मजकूर व्यवहारात सी२३ चाच आहे. सी१७ साठी वेगळी धावपळ करण्याचे कारण नाही, कारण त्या आवृत्तीत भाषेला नवे काही जोडले गेले नाही, फक्त सी११ मधले दोष दूर केले गेले.

मसुद्याबरोबर आणखी एक कागद उतरवून घ्यावा: सी९९ चा ‘रॅशनाल’. २००३ ची त्याची शेवटची आवृत्ती फुकट मिळते. अमुक नियम असाच का केला, कोणता पर्याय का नाकारला, हे समितीने त्यात सांगितले आहे. मानक नियम सांगते, कारण सांगत नाही. कारण कळले की नियम डोक्यात बसतो. शिकवणाऱ्यांनी तर हा कागद हाताशी ठेवायलाच हवा.

एवढे सगळे हाती आल्यावर त्यातून उत्तर कसे काढायचे, हे एका उदाहरणाने पाहू. कॅम्पस मुलाखतींत आणि परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जाणारा प्रश्न असा: आय या चलाची किंमत ५ आहे, प्रिंटएफला एकाच कॉलमध्ये आय, आय++ आणि ++आय अशी तीन आर्ग्युमेंट्स दिली, तर पडद्यावर काय उमटेल? टर्बो सीवर घोकलेला विद्यार्थी ‘उजवीकडून डावीकडे’ असा हिशेब मांडतो आणि तीन आकडे सांगतो. एन १५७० उघडावा. कलम ६.५.२.२ च्या दहाव्या परिच्छेदात फंक्शन कॉलचा विषय आहे, आणि आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने मोजायची हे मानक ठरवून देत नाही, असे तिथून कळते. मग कलम ६.५ चा दुसरा परिच्छेद पाहावा. एकाच चलात दोन बदल होत असतील आणि त्यांच्यातला क्रम ठरलेला नसेल, तर प्रोग्रॅमचे वर्तन ‘अनडिफाइन्ड’ ठरते. इथे आय++ आणि ++आय असे दोन बदल आहेत आणि आर्ग्युमेंट्समधला स्वल्पविराम क्रम ठरवत नाही. म्हणजे या प्रश्नाला बरोबर आकडा असा नाहीच. परिशिष्ट जे मध्ये अशा सगळ्या जागांची यादी आहे आणि परिशिष्ट सी मध्ये क्रम कुठे कुठे ठरतो ते एका पानात दिले आहे. ही दोन परिशिष्टे वाचलेला विद्यार्थी मुलाखतीत गडबडत नाही. प्रश्नच चुकीचा आहे हे तो नम्रपणे आणि पुराव्यानिशी सांगू शकतो.

नवख्याने मानक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. तिसऱ्या कलमातल्या तीन संज्ञा आधी पक्क्या कराव्यात. ‘इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड’ म्हणजे कंपायलर बनवणाऱ्याने निवड करायची आणि ती लिहून ठेवायची. ‘अनस्पेसिफाइड’ म्हणजे दिलेल्या पर्यायांतला कोणताही चालेल, लिहून ठेवण्याचे बंधन नाही. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे मानकाने हात वर केले. त्यानंतर चौथे, अगदी छोटे कलम वाचावे. ‘शॅल’ शब्दाने दिलेली अट मोडली आणि ती अट ‘कन्स्ट्रेन्ट्स’ या मथळ्याखाली नसेल, तर वर्तन अनडिफाइन्ड होते, हा नियम तिथे आहे. तो माहीत नसेल तर पुढच्या शेकडो पानांतली निम्मी बंधने नुसत्या सूचना वाटतात. सहावे कलम भाषेचे, सातवे लायब्ररीचे. त्यांत लागेल तेव्हा लागेल तेवढेच जावे.

लायब्ररीपुरता एक आणखी सोयीचा संदर्भ आहे. द ओपन ग्रुप ही संस्था पॉसिक्स मानक इंटरनेटवर फुकट वाचायला देते. त्यात सीच्या प्रत्येक लायब्ररी फंक्शनचे स्वतंत्र पान आहे, आणि जिथे पॉसिक्स सीच्या मानकापेक्षा जास्त काही मागते तिथे समासात ‘सीएक्स’ अशी खूण केलेली असते. खूण नसलेला मजकूर सीच्या मानकाशी जुळता, असे धरून चालता येते. सीपीपीरेफरन्स हा स्वयंसेवकांनी उभारलेला संदर्भही उपयोगी आहे; कोणते फंक्शन कोणत्या वर्षी आले वा गेले हे तिथे चटकन दिसते. तो मानक नव्हे, मानकातली जागा दाखवणारा वाटाड्या आहे.

छापील पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे आणि भारतात ती जास्त दिलासा देणारी आहे. इंग्लंड-अमेरिकेतली महागडी पुस्तके इथे स्वस्त आवृत्तीत मिळण्याची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश पुस्तकांसाठी एकेकाळी ईएलबीएस योजना होती. प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियाच्या ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’ने तर अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या घडवल्या. कर्निगन-रिची यांची १९८८ ची दुसरी आवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती पडली ती याच मालिकेतून, पातळ कागदावर आणि परवडेल अशा दरात. तिचे परिशिष्ट ए हे भाषेचे संदर्भपत्र आहे आणि परिशिष्ट बी मध्ये लायब्ररी आहे. तीनशे पानांच्या आतल्या या पुस्तकाला सी८९ पुरती दुसरी तोड नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आवृत्ती १९८८ ची, मानक १९८९ चे. लेखकांनी मसुद्यावरून लिहिले होते, आणि सी९९ मधली कोणतीही भर त्यात असणे शक्य नाही.

महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या वर्गांत मात्र त्याहून जास्त खपली ती इथलीच पुस्तके: ई. बालगुरुसामी यांचे ‘प्रोग्रॅमिंग इन एएनएसआय सी’ आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’. या पुस्तकांनी लाखो मुलांची भाषेशी ओळख करून दिली, हे ऋण मोठे आहे. अडचण येते ती त्यांना मानकाच्या जागी बसवल्यावर. बोर्लंडचा टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आला, मानक त्यानंतरचे. हा १६ बिटी कंपायलर इथल्या प्रयोगशाळांत पुढची दोन दशके टिकून राहिला आणि त्याच्या सवयी भाषेचे नियम म्हणून शिकवल्या गेल्या. ‘इंट दोन बाइटचा असतो’ हे वाक्य त्यातूनच आले. मानक एवढेच म्हणते की इंटमध्ये किमान ३२७६७ पर्यंतची संख्या मावली पाहिजे. जास्त किती, हे यंत्रावर सोडलेले आहे. ‘व्हॉइड मेन’चेही तसेच. मानकाने सर्वत्र चालेल अशी हमी दिलेले मेनचे दोन्ही साचे इंट परत देणारे आहेत. गेट्स हे फंक्शन तर सी११ मधून काढूनच टाकले आहे, कारण वाचलेला मजकूर दिलेल्या जागेत मावतो की नाही हे त्याला कळूच शकत नाही. तरी जुन्या आवृत्त्यांवरून शिकवणाऱ्या वर्गांत ते अजून भेटते. नव्या आवृत्त्यांत बरीच सुधारणा झाली आहे, म्हणून ही पुस्तके घेताना छपाईचे वर्ष पाहून घ्यावे.

जुन्या बाजारात शोधणाऱ्याला म्हैसूरहून दीडशे किलोमीटरच्या आत बंगळुरूचा अॅव्हेन्यू रोड आहे, पुणेकराला अप्पा बळवंत चौक. तिथे हार्बिसन आणि स्टील यांचे ‘सी : अ रेफरन्स मॅन्युअल’ दिसले तर पाचवी आवृत्ती घ्यावी; ती २००२ ची असल्याने सी९९ त्यात आले आहे. पी. जे. प्लॉगर यांचे १९९२ चे ‘द स्टँडर्ड सी लायब्ररी’ मिळाले तर सोडू नये. लायब्ररीचे प्रत्येक फंक्शन प्रत्यक्ष लिहून दाखवणारे ते पुस्तक आहे.

मानकाचा मूळ मजकूर पुस्तकातून स्वस्तात देण्याचे प्रयत्नही झाले. हर्बर्ट शिल्ड्ट यांनी भाष्य केलेले ‘द अॅनोटेटेड एएनएसआय सी स्टँडर्ड’ १९९० मध्ये निघाले. मानक १३० डॉलरला मिळत असताना हे पुस्तक सुमारे ४० डॉलरला होते आणि एका बाजूच्या पानावर मानक, समोरच्या पानावर भाष्य अशी त्याची रचना होती. जाणकारांनी भाष्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या, मूळ मजकुराचाही थोडा भाग त्यात गळला होता. पण मानकाचा मजकूर म्हणून अनेकांनी तेच वापरले. ते कुठे मिळालेच तर मानकाची पाने वाचावीत, समोरची पाने दुसऱ्या संदर्भाशी ताडल्याशिवाय मानू नयेत. २००३ मध्ये वायली प्रकाशनाने ब्रिटिश मानक संस्थेबरोबर सी९९ चे मानक रॅशनालसह पुठ्ठ्याच्या बांधणीत काढले. आणि डेरेक जोन्स यांचा ‘द न्यू सी स्टँडर्ड’ हा सोळाशे पानांहून मोठा ग्रंथ लेखकाने फुकट खुला केला आहे. सी९९ चे वाक्य घ्यायचे आणि त्याखाली भाष्य करायचे, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडच्या सूत्र-भाष्य परंपरेत वाढलेल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. परवडण्याच्या निकषावर याहून समृद्ध संदर्भ सी भाषेला नाही.

अधिकृत प्रतच हवी असेल तर ती आयएसओकडूनच घ्यावी असे नाही. आयएसओचे मानक सदस्य देशांच्या संस्था आपल्या क्रमांकाने स्वीकारतात आणि आपल्या दराने विकतात. मजकूर एकच असतो. अमेरिकेत सी९९ ची आणि सी प्लस प्लसच्या १९९८ च्या मानकाची पीडीएफ एकेकाळी १८ डॉलरला मिळत असे, तीही अधिकृत. भारतात ही संस्था म्हणजे भारतीय मानक ब्युरो, १९४७ च्या इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनची वारसदार. स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांना तिथे ‘आयएस/आयएसओ’ असा क्रमांक मिळतो. खरेदीपूर्वी ब्युरोच्या पोर्टलवर हवे ते मानक स्वीकारले गेले आहे का, कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या अटींवर मिळते, हे पाहावे. स्वीकृती अनेकदा एखाद-दुसरी आवृत्ती मागे असते. मानके जनतेला फुकट मिळावीत यासाठी भारतात लढाही झाला. कार्ल मालामुद यांनी हजारो भारतीय मानके इंटरनेटवर टाकली, आणि २०१५ मध्ये त्यांनी व दोन भारतीय सहकाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे ब्युरोने आपली देशी मानके विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. इमारतीच्या सुरक्षिततेचे मानक असो की यंत्राच्या भाषेचे, ज्याला ते पाळायचे आहे त्याला ते वाचता आलेच पाहिजे, ही मागणी रास्त होती.

छायाप्रतींबद्दल गैरसमज फार आहेत. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, अध्यापनासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढणे स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, असा निर्णय दिला. म्हैसूरच्या एखाद्या प्राध्यापकाने कॉलेजच्या प्रतीतली प्रिंटएफची चार पाने वर्गासाठी काढली, तर ती या सवलतीत येऊ शकतात. विकत घेतलेल्या मानकाची अख्खी पीडीएफ गटात फिरवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि समितीने स्वतः खुला केलेला मसुदा असताना ती करण्याची गरजही नाही.

अधिकृत प्रत लागतेच अशी माणसे थोडी: कंपायलर बनवणारे, चाचणीसंच लिहिणारे आणि करारात ‘आयएसओ ९८९९ प्रमाणे’ असे शब्द असलेले कंत्राटदार. वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या जोडीला मिस्रा सीची नियमावली लागते. तिची २०१२ ची पीडीएफ पंधरा पौंडांना मिळत असे, म्हणजे एका व्यक्तीलाही झेपणारी. बाकीच्यांनी मसुदा वापरावा, पण उल्लेख प्रामाणिकपणे करावा: ‘एन १५७०, कलम ६.५, परिच्छेद २’ असे लिहिले की वाचणाऱ्याला तोच कागद उघडून पडताळता येते. कंपायलरलाही वर्ष सांगावे. जीसीसीला काही न सांगता सोडले तर तो स्वतःच्या वाढीव सोयींसह चालतो: पाचव्या आवृत्तीपूर्वी सी९० च्या आधारावर, त्यानंतर सी११ आणि सी१७ च्या, आणि पंधराव्या आवृत्तीपासून सी२३ च्या. हातात सी९९ चा मसुदा आणि समोर सी२३ चा कंपायलर असेल तर रिकाम्या कंसांच्या फंक्शन घोषणेचा अर्थसुद्धा दोन्हीकडे वेगळा निघतो.

इतर भाषांमध्ये परिस्थिती कुठे सोपी, कुठे अशीच आहे. सी प्लस प्लसचे मसुदे खुले आहेत: सी प्लस प्लस १७ साठी एन ४६५९, २० साठी एन ४८६१, २३ साठी एन ४९५०. फोरट्रान समितीचे मसुदेही मिळतात. जावास्क्रिप्टचे मानक ईसीएमए-२६२ जून १९९७ मध्ये पहिल्यांदा निघाले तेव्हापासून फुकट आहे, सी शार्पचे ईसीएमए-३३४ ही तसेच. एडाचा संदर्भग्रंथ पूर्णपणे आणि कायदेशीररीत्या खुला आहे. कॉमन लिस्पसाठी १९९४ च्या एएनएसआय मानकावर आधारलेले हायपरस्पेक आहे. जावाचा भाषानिर्देश ओरॅकल विनामूल्य देते. पायथनला आयएसओचे मानक नाही. तिचा भाषासंदर्भ भाषेबरोबरच मिळतो आणि प्रत्येक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून तिथेही पान उघडण्याआधी आवृत्तीचा आकडा पाहून घ्यावा लागतो.